रोजच्या ताटाचा एक फोटो

‘‘जेवणात काय काय असतं?’’ या प्रश्नाचे आपल्या सातारा-सांगलीकडचे उत्तर ठरलेले आहे. ‘‘काय न्हाई डॉक्टर, आपलं साधंच. भाजी-भाकरी.’’ म्हसवडचा शेतकरी असो, कराडचा किराणा दुकानदार असो की सांगलीच्या विश्रामबागेतील निवृत्त शिक्षक असो, उत्तर एकच. हे उत्तर खोटे नसते. माणूस मनापासून सांगत असतो. पण ‘साधंच’ या एका शब्दाच्या पोटात बरेच काही गुडूप होते. सकाळचा चहा आणि खारी, दहा वाजता एस. टी. स्टँडवर खाल्लेला वडापाव, पाहुणे आले म्हणून झालेला आणखी एक चहा, आमटी बेचव लागली म्हणून वरून घातलेली मूठभर शेव, उरलेला भात टाकवेना म्हणून घेतलेले चार घास, संध्याकाळचे भडंग आणि शेजारच्या मुलीच्या निकालाचे दोन कंदी पेढे. यातले काहीच कुणी लपवत नाही. ते आठवतच नाही.

दवाखान्यात आम्ही नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो, रक्त तपासतो. आहाराची मात्र तोंडी साक्षच काढावी लागते, आणि ती साक्ष नेहमी कच्ची निघते. म्हणून गेली काही वर्षे मधुमेह, रक्तदाब, रक्तक्षय आणि वाढते वजन या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी एक काम सांगतो. सात दिवस तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो घेऊन या. लोक आधी हसतात. ‘‘भाकरीचा कसला फोटो?’’ म्हणतात. पण आठवड्याने जे परत येतात, त्यांच्यातले बरेचसे मी काही बोलण्याआधी स्वतःच बोलू लागतात.

वाचकहो, हाच उपाय आज मी आपल्या सर्वांना सुचवणार आहे. त्यात एक पैशाचा खर्च नाही. पण तो नीट केला तर उपयोग आहे, आणि भलत्या पद्धतीने केला तर अपायही आहे. म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

हौसेचे फोटो आणि रोजचे फोटो

नव्वदच्या दशकापर्यंत फोटो ही जपून वापरायची वस्तू होती. कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल, तो धुवायचा खर्च वेगळा. लग्न, बारसे, सहल यांतच तो संपायचा. पिठल्याच्या वाटीवर कोण फोटो खर्ची घालणार? आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि फोटो फुकट झाला आहे. पण आपली सवय जुनीच राहिली. हॉटेलातील मिसळ, लग्नाची पंगत, यात्रेचे मटण, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांचे फोटो निघतात आणि नातेवाइकांना जातात. त्यात गैर काही नाही. हौसेला मोल नसते. पण वर्षातून चार वेळा खाल्लेल्या श्रीखंड-पुरीने कुणाची प्रकृती बिघडत नाही. प्रकृती घडते आणि बिघडते ती उरलेल्या ३६१ दिवसांच्या जेवणाने, आणि त्या दिवसांचा एकही फोटो कुणाकडे नसतो.

खानापूर-आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबांतली मुले गलाईच्या व्यवसायासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात आहेत. जावळी-पाटणची मुले मुंबई-पुण्याच्या खाणावळीत जेवतात. अशा घरांतून एक चांगली पद्धत आपोआप सुरू झाली आहे. रात्री आई विचारते, ‘‘जेवलास का?’’ आणि मुलगा उत्तरादाखल ताटाचा फोटो पाठवतो. त्या फोटोत आईला जे दिसते ते आम्हा डॉक्टरांनाही दिसत नाही. आज पुन्हा नुसता वडा, चार दिवसांत पालेभाजी नाही, ताक नाही, हे ती एका नजरेत ओळखते. माझे म्हणणे इतकेच आहे, की हीच नजर आपण स्वतःच्या ताटावर टाकावी.

आठवण दगा का देते?

आहाराचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण फार वर्षांपासून माहीत आहे. आपल्या देशात आहारशास्त्राचे काम १९१८ साली कुन्नूर येथे सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी सुरू केले. त्यातूनच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली, आणि १९५८ साली ती हैदराबादला गेली. १९७२ साली नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्युरो स्थापन झाला आणि आपल्या महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आहाराची पाहणी होऊ लागली. अशा पाहणीत कार्यकर्ते घरोघर जाऊन मागील २४ तासांत काय खाल्ले ते विचारतात. नुसते विचारून भागत नाही म्हणून ठरावीक मापाच्या वाट्या-पळ्या सोबत नेतात आणि ‘यातली कुठली वाटी, किती भरली होती’ असे दाखवून घेतात. इतके करूनही माणसे खाल्लेले कमीच सांगतात, असा जगभरचा अनुभव आहे. विशेषतः वजन जास्त असलेली माणसे अधिक कमी सांगतात. मुद्दाम नव्हे. उभ्या-उभ्या खाल्लेले, चव पाहण्यासाठी घेतलेले, दुसऱ्याच्या ताटातले उचललेले, हे मन ‘जेवण’ या खात्यावर टाकतच नाही.

लिहून ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी होते. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका कार्यक्रमातील सुमारे १७०० माणसांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. जे लोक जवळजवळ रोज खाण्याची नोंद ठेवत होते, त्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरले. आता कुणी म्हणेल, नोंद ठेवणारा माणूस मुळातच शिस्तीचा असणार. खरे आहे, काही वाटा शिस्तीचाही असेल. पण नोंद ठेवताना हात क्षणभर थांबतो, हेही तितकेच खरे आहे. फोटो काढतानाही तेच होते. बशीतला तिसरा पेढा उचलण्याआधी त्याचा फोटो काढायचा आहे हे आठवले, की निम्म्या वेळा तो पेढा बशीतच राहतो.

फोटोंतून दिसलेले

नाव-गाव न सांगता काही अनुभव देतो. अशी माणसे प्रत्येक गावात आहेत.

तासगावकडील एक द्राक्ष बागायतदार. ‘साखर पूर्ण बंद’ असे शपथेवर सांगत. गोळ्या वाढवूनही रक्तातील साखर उतरेना. सात दिवसांच्या फोटोंत रोज पाच-सहा कप चहा दिसला. साखरेचा नव्हे, गुळाचा. आणि शेडवर ये-जा करताना मूठ-मूठ बेदाणे. गूळ म्हणजे साखर नव्हे, असा आपल्या भागात पक्का समज आहे. हल्ली महामार्गावर जागोजागी ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्याने तो आणखी पक्का झाला आहे. मधुमेहाच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत मानण्याजोगा फरक नाही. बेदाणा म्हणजे पाणी काढून टाकलेले द्राक्ष. त्यात निम्म्याहून अधिक साखरच असते. या गृहस्थांना मी काही नवे औषध दिले नाही. चहा दोन कपांवर आणि बिनगोडाचा केला, बेदाणे बंद केले. तीन महिन्यांनी तपासणीतला आकडा बोलू लागला.

दुसरे, साताऱ्याजवळच्या गावातील एक निवृत्त सैनिक. रोज पहाटे फिरणारे, निर्व्यसनी, पोट आत. रक्तदाब मात्र दोन औषधांनाही दाद देईना. फोटोंत जेवण खरोखरच भाजी-भाकरीचे होते. पण प्रत्येक ताटाच्या डाव्या बाजूला लोणचे, खर्डा, पापड आणि शेंगदाण्याची चटणी. शिवाय दुपारी चारला फरसाणाची वाटी. मिठाचा एक डोंगरच रोज त्या कोपऱ्यात जमत होता. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपर्यंत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. डाव्या बाजूचे चारपैकी तीन पदार्थ उतरवले, आणि पुढे रक्तदाबही उतरला.

तिसरा अनुभव उपवासाचा. आठवड्याला दोन उपवास करणाऱ्या एक मावशी ‘दोन दिवस तर मी काही खातच नाही’ म्हणत. फोटोंत त्या दोन दिवसांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, केळी, वेफर्स आणि रात्री भगर-आमटी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. आठवड्यातील त्यांचे सर्वात जड दोन दिवस तेच होते. उपवास करू नका असे मी कधी सांगत नाही; तो ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण उपवासाला ताक, फळ आणि मूठभर शेंगदाणे चालतात, एवढे सांगितले.

घरातल्या बाईचे ताट

हे सर्व सांगून झाल्यावर मी आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या फोटोंत एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकली. फोटो पुरुषांचे असतात, मुलांचे असतात, पाहुण्यांच्या ताटाचे असतात. जिने ते ताट वाढले तिच्या ताटाचा फोटो नसतो.

एकदा एक गृहस्थ बायकोच्या तपासणीसाठी आले. बाईंचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅम. चालताना दम लागे, पायांत गोळे येत. फोटो आणायला सांगितले तर गृहस्थांनी स्वतःच्याच ताटाचे आणले. ‘‘घरात सगळ्यांना एकच जेवण असतं की,’’ म्हणाले. मी म्हटले, असेल. तरी त्यांचा फोटो आणा, त्या बसतील तेव्हा. पुढच्या आठवड्यात आलेल्या फोटोंवरची वेळ दुपारी अडीच-तीनची होती. ताटात दोन भाकरी, चटणी आणि भाजीच्या कढईत तळाशी राहिलेले. मटकीच्या उसळीतली मटकी इतरांच्या वाट्याला गेलेली, हिच्याकडे नुसता रस्सा. सात दिवसांत एकदा दूध, तेही चहातले. एकही फळ नाही. आणि प्रत्येक जेवणाशेजारी चहाचा कप. ते फोटो पाहताना ते गृहस्थ गप्प झाले. घरात एकच जेवण शिजते हे खरे. पण सगळ्यांच्या ताटात एकच पडते हे खरे नाही.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे साखर कारखाने, दूध संघ आणि द्राक्षबागा असलेल्या आपल्या राज्यात दोघींपैकी एकीच्या अंगात पुरेसे रक्त नाही, आणि हे प्रमाण घटायचे सोडून वाढले. याची कारणे अनेक आहेत. पाळीतील जास्त रक्तस्राव, जंत, लागोपाठची बाळंतपणे हीही त्यांत आली. पण शेवटी बसून उरलेले खाणे हे एक मोठे कारण आपल्या डोळ्यांसमोर रोज घडते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फोटोत ते दिसते.

येथे एक खुलासा हवा. हिमोग्लोबिन ८ असेल तर नुसत्या पालेभाजीने भागत नाही. लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात आणि कारणही शोधावे लागते. पण गोळीच्या किंवा जेवणाच्या जोडीला चहा घेतला, तर चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. चहा जेवणानंतर तासा-दीड तासाने घ्यावा. उलट पालेभाजीवर लिंबू पिळले किंवा सोबत आवळा खाल्ला, तर वनस्पतींतील लोह अधिक अंगी लागते. हे ज्ञान फुकट आहे. अडचण आहे ती ताटात पालेभाजी येण्याची.

पुण्याजवळची सहा गावे

रोजच्या साध्या खाण्याकडे बारकाईने पाहिल्याने काय हाती लागते, याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील शेतकरी स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणात या बाया काय खातात, किती वेळा खातात, याची चिकाटीने नोंद झाली. जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २ किलो ६०० ते ७०० ग्रॅमच्या दरम्यान भरले.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी अनेकांना विचारात पाडले. आईने एकूण किती उष्मांक घेतले, किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकारमानाशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले याच्याशी. म्हणजे पोट भरले की नाही एवढे पाहून चालत नाही; कशाने भरले ते पाहावे लागते. याच अभ्यासात पुढे असेही आढळले, की सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस, मासळी यांतूनच मिळते. शाकाहारी घरात दूध डेअरीला आणि चहाला गेले, तर बाईच्या वाट्याला ते येणार कुठून?

याच डॉ. याज्ञिकांचा एक फोटो वैद्यकीय जगात प्रसिद्ध आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो छापला गेला. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन शेजारी-शेजारी आहेत. दोघांचे उंची-वजनाचे गुणोत्तर तंतोतंत सारखे, २२.३. म्हणजे दोघेही ‘सडपातळ’. पण मोजणी केल्यावर इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांच्या अंगावर मांस कमी आणि आत चरबी जास्त, हे त्या फोटोने जगाला समजावले. ‘मी कुठे जाड आहे, मला कसा मधुमेह होईल?’ असे विचारणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ही सर्व माणसे काही जाड नाहीत.

फोटोत न दिसणारे

आता दुसरी बाजू. फोटो सर्व काही सांगत नाही. भाजीत तेल किती, आमटीत मीठ किती, चहात साखर किती, हे कॅमेऱ्याला कळत नाही. हल्ली फोटोवरून उष्मांक सांगणारी ॲपे निघाली आहेत. त्यांनी दिलेल्या आकड्यांवर फार विसंबू नये. वांग्याच्या भाजीत एक पळी तेल आहे की तीन, हे वरून पाहून यंत्रालाच काय, स्वयंपाक न करणाऱ्या नवऱ्यालाही सांगता येत नाही.

त्यासाठी घरगुती हिशोब आहे. किराण्याची यादी घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो तेल लागत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ४२ ग्रॅम झाले. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या आहाराला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. म्हणजे चौघांना महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास पुरे. मिठाचेही तसेच. चौघांत महिन्याला १ किलोची पिशवी संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमहून अधिक होते, आणि त्यात पापड, फरसाण, बाहेरचे खाणे धरलेलेच नाही. चहाचा हिशोब तर बोटांवर होतो. कपाला दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. पाच कप म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला एका माणसाच्या चहातूनच दीड किलो. दिवसाला २०-२५ ग्रॅमच्या वर साखर नको असे हीच मार्गदर्शिका सांगते.

याच मार्गदर्शिकेत दिवसभराच्या आहाराचे एक आदर्श ताट दिले आहे. २००० उष्मांकांसाठी भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर आणि दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम. थोडक्यात, अर्धे ताट भाज्या-फळांचे. आपल्याकडे नेमके उलटे आहे. तीन चतुर्थांश ताट भाकरी-चपाती-भाताने भरते आणि भाजी तोंडी लावण्यापुरती. ‘तोंडी लावणे’ हा शब्दच त्याची साक्ष देतो.

याला पैसे लागतात, असे कुणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. फळे आणि दूध स्वस्त नाहीत. पण चाकवत, शेपू, तांदुळजा, पोकळा, अंबाडी, शेवग्याचा पाला या भाज्या काही सफरचंदाच्या भावाने मिळत नाहीत. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, अख्खा मसूर, कोरेगावचा घेवडा हे आपलेच अन्न आहे. वडापाव आणि बिस्किटांच्या पुड्यांवर जाणारे पैसे एक आठवडा फोटोवरून जोडून पाहा. पेरू आणि अंड्यांचे पैसे त्यातच निघतील.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप वडीलधाऱ्यांचा. जेवणापुढे फोन धरणे हा अन्नाचा अपमान, असे त्यांना वाटते. त्यांचा मान ठेवून सांगतो, की फोन हातात धरून जेवणे हे आरोग्यालाही वाईटच. लक्ष नसले की माणूस जास्त खातो. पण ताट वाढल्यावर एक फोटो काढून फोन दूर ठेवणे याला पाच सेकंद लागतात. जेवणाआधी श्लोक म्हणताना आपण ताटासमोर क्षणभर थांबत होतो. तसेच थांबा, पाहा, मग जेवा.

दुसरा आक्षेप, याचे वेड लागते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. वयात येणाऱ्या मुलींच्या आणि मुलांच्या बाबतीत तर फार जपावे. प्रत्येक घास मोजणे, जाड होऊ या भीतीने जेवण टाळणे, आरशासमोर तासन्‌तास उभे राहणे, ही लक्षणे दिसली तर फोटो ताबडतोब बंद करून डॉक्टरांना भेटा. मुलांच्या ताटाकडे पाहायचे ते काय कमी पडते हे शोधायला. किती जास्त खाल्ले यावरून टोचायला नव्हे. म्हणूनच मी सात दिवसच सांगतो. नंतर तीन-चार महिन्यांनी पुन्हा सात दिवस. आयुष्यभर नाही.

तिसरा आक्षेप, फोटो दुसऱ्याने पाहिले तर हसे होईल. तर दाखवू नका. हे फोटो गावभर पाठवण्यासाठी नाहीत. स्वतःसाठी, घरच्यांसाठी आणि हवे तर डॉक्टरांसाठी आहेत. सासूने सुनेच्या किंवा नवऱ्याने बायकोच्या ताटाचा फोटो काढून पाळत ठेवणे, हा तर या उपायाचा सरळ दुरुपयोग आहे.

फोटो कसे काढावेत?

सातही दिवस सलग घ्या, त्यात एक रविवार आणि असल्यास एक उपवास येऊ द्या. ताट जेवायला बसण्याआधी, वरून नाही तर थोडे तिरके टिपा, म्हणजे वाटीची खोली आणि भाताची उंची कळते. शेजारी नेहमीचा एकच चमचा ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येतो. दुसऱ्यांदा वाढून घेतले तर पुन्हा फोटो. ताटात टाकले तर त्याचाही. चहा, बिस्किट, पेढा, शेंगदाणे, प्रसाद, काहीही सोडू नका. या आठवड्यात मुद्दाम चांगले खाऊ नका. नेहमीसारखेच खा, नाहीतर हिशोब खोटा ठरेल.

ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी खंत करू नये. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब ठेवतो, तसाच त्या चौकटीत चहाच्या कपांच्या रेघा आणि पालेभाजी, फळ, दूध, कडधान्य यांच्या खुणा करा. तेवढेही पुरते.

आठवड्याच्या शेवटी सर्व फोटो एकत्र पाहा आणि पाच प्रश्न विचारा. पालेभाजी किती दिवस होती? कडधान्य, डाळ किंवा अंडे किती जेवणांत होते? फळ किती वेळा आले? चहा एकूण किती कप झाला? तळलेले आणि पुड्यातले किती वेळा आले? उत्तरे मिळाली की एकदम सगळे बदलू नका. दोनच गोष्टी निवडा, एक वाढवण्याची आणि एक कमी करण्याची, आणि त्या तीन महिने टिकवा. मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणात मोठा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर स्वतःच्या मनाने काहीच करू नये.

आणि एक विनंती घरातील पुरुषांना. सात दिवसांतला निदान एक दिवस बायकोच्या, आईच्या ताटाचा फोटो तिला विचारून, ती जेवायला बसेल तेव्हा काढा. तो आणि तुमच्या ताटाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहा. फरक दिसला तर उपाय सांगायला डॉक्टरची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांनी एकत्र बसावे, आणि उसळीचे पातेले आधी तिच्याकडे सरकवावे.